सुजल्या पायांची सावड

साबणाची वडी झिजून झिजून चिंचोक्याएवढी झाली होती. बोटांत धरायला गेलं की निसटायची. बोसेनानं ती फडक्यात बांधली आणि फडकंच पाण्यात घुसळलं. पाणी जरासं पांढुरलं. तेवढ्यात दोन्ही पाय उरकायचे होते.

आधी उजवा, कारण तो बरा होता. मग डावा. डाव्या घोट्यावर कातडीच्या वळ्या पडल्या होत्या आणि दर वळीत बोट घालून कालची लाल माती काढावी लागे. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, एकेक. मलमाची डबी महिन्यापूर्वीच पुसून संपली होती. आता ती कारळ्याचं तेल चोळायची.

तीन वर्षांपूर्वी हे पाय केळीच्या खुंटासारखे होते. बाजारगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला समोर बसवून सांगितलं होतं, की हा शाप नव्हे. मेलेल्या घोड्याला ओलांडल्यानं हे होत नाही, सापाच्या मागावर पाय पडल्यानंही नाही. ह्या डोंगराची लाल मातीच अनवाणी पायांतून आत शिरते, वर्षानुवर्षं, आणि ज्यांच्या रक्तात सोसत नाही त्यांचे पाय फुगतात. रोज धुवायचे, कोरडे करायचे, बूट घालायचे.

"किती दिवस?" बोसेनानं विचारलं होतं.

"मरेपर्यंत. रोज."

ते ऐकून बोसेनाला हायसं वाटलं होतं. रोज करायच्या कामाला ती कधी भ्याली नव्हती. वर्षाभरात सूज निम्म्यानं उतरली. मग पंचक्रोशीतले तसल्याच पायांचे अकरा जण दर शनिवारी तिच्या अंगणात येऊन परातीत पाय घालून बसू लागले.

यंदा पावसाळ्याच्या तोंडी लढाई सुरू झाली. दवाखान्याला कुलूप लागलं, नर्सबाई कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. साबण आला नाही, मलम आलं नाही, मापाचे बूट शिवणारा माणूस आला नाही. शनिवारची माणसंही हळूहळू यायची थांबली.

अंगणात तिचा नवरा शिबेशी फावड्याचा दांडा दगडावर ठोकून बसवत होता.

"आज खणायचं का बुजवायचं?" तिनं विचारलं.

"बुजवायचं. फौज आलीय."

"मग परवा खणलंत ते फुकटच."

"फुकट कसं? खणलं नसतं तर आज बुजवलं काय असतं?" शिबेशी हसला नाही. फौजेच्या गाड्या येऊ नयेत म्हणून डोंगरातली बंदूकवाली पोरं रस्त्यात आडवा चर खणून घ्यायची. फौज आली की तीच गावची माणसं तोच चर बुजवायची. पोरं परत आली की परत खणायची. शिबेशीच्या तळहातावरचे फोड फुटून तिथं दुसरे आले होते.

"आणि आपलं तेफ?"

"तेफ पिकलंय हे त्यांना माहीत नाही होय? सगळ्यांना माहीत आहे." त्यानं गाबीची जाड सुती चादर खांद्यावर टाकली आणि तो निघाला.

तेफ खरंच पिकलं होतं. उतारावर पिवळंधमक होऊन वाऱ्यावर लवत होतं. राळ्याहून बारीक दाणा. चार दिवस उशीर झाला की गळून मातीत जातो, आणि मातीतून तो कुणाला वेचता येत नाही.

*

वर्का मेदा ह्या त्यांच्या गावात चौदा घरांची सावड होती. आज तुझं शेत, उद्या माझं. त्या दिवशी गाशे मेंकिर यांच्या शेतात कापणी होती. मेंकिर वयानं थोर म्हणून सगळे त्यांना आदरानं गाशे म्हणत; सावडीचं पान त्यांच्या शब्दावाचून हलत नसे.

बोसेना बसून कापायची. वाकून उभं राहिलं की पायांत रक्त उतरायचं आणि घोटे ठणकायचे, म्हणून ती ढुंगणावर सरकत सरकत विळा चालवी. तिची लेक अल्गानेश शेजारच्या ओळीत होती. सतरा वर्षांची पोर, हात असा भरभर चाले की दोघींच्या ओळी तीच पुढं नेई.

दुपारी मेंकिरांची बायको वुबालेम तल्ल्याची, घरच्या जवाच्या दारूची, घागर घेऊन आली. एकच भोपळ्याचा कटोरा सगळ्यांच्या हातांतून फिरला. बोसेनापाशी आल्यावर वुबालेमनं तो मागं घेतला आणि माशाच्या रिकाम्या डब्यात तल्ला ओतून तो जमिनीवर ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं, बाई. नवी सून आलीय घरात. तिला अजून सवय नाही."

"सुनेला सवय नाही, मग कटोरा सुनेचा का?" अल्गानेश म्हणाली.

"अगं, तोंड बघा पोरीचं! अशानं का कुणी मागणी घालायला येतंय?"

अल्गानेशचं ठरलेलं लग्न वसंतात मोडलं होतं. मुलाच्या आत्यानं येऊन बोसेनाचे पाय पाहिले होते आणि कॉफी न पिताच उठून गेली होती. पोरीचा विळा थांबला. बोसेनानं डबा उचलला, तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. डब्याच्या काठाची चव लोखंडी होती.

"चांगला झालाय तल्ला," ती म्हणाली. "चल पोरी, ओळ धर."

संध्याकाळी मेंकिर तिच्याजवळ येऊन उभे राहिले. काठीनं ढेकूळ फोडत म्हणाले, "बोसेना, शिबेशी तीन दिवस आला नाही."

"बंदूक लावून नेलं त्यांना, गाशे. तुमच्यासमोर."

"मला ठाऊक आहे. पण खाडा तो खाडा. त्यात तू बसून कापतेस, तुझा दिवस लोक अर्धाच धरतात. मी नाही धरत, लोक धरतात." ते तिच्याकडं बघत नव्हते. "तुमचं शेत शेवटी घेऊ. मरियमचा सण झाला की."

"तोवर पंधरवडा जाईल. आणि ढग बघितलेत का?"

"ढग सगळ्यांच्याच डोक्यावर आहेत, पोरी."

हे काही खोटं नव्हतं. बोसेनानं विळा कमरेला खोचला आणि लेकीला हाक मारली.

*

दुसऱ्या दिवशी तिघांनी आपलं आपणच शेत धरलं. एक दिवस बरा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच शिबेशीला चरावर नेलं. मायलेकी दोघीच उरल्या.

बोसेनाच्या डाव्या बुटाचा तळ मागंच उसवला होता. तिनं तो बकऱ्याच्या कातडी वादीनं आवळून बांधला होता. दुपारच्या सुमाराला वादी तुटली आणि तळ जिभेसारखा बाहेर लोंबायला लागला. तिनं बूट काढून बांधावर ठेवला आणि मोज्यानंच पुढं सरकली. माती ओली होती. कापलेल्या तेफाचे खुंट सुईसारखे टोचत होते.

"आई, तू घरी जा."

"एवढी ओळ झाली की जाते."

ती ओळ झाली, मग दुसरीही झाली. तिसऱ्या ओळीत बोसेनाच्या पाठीतून थंडी निघाली. ऊन डोक्यावर असताना दात वाजायला लागले. जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती. तिनं मोजा खाली सारून पाहिलं, तर पोटरीपर्यंत पाय लालबुंद झाला होता आणि हात लावला तर तव्यासारखा लागत होता. ही ओळख जुनी होती. पूर्वी वर्षातून पाचसहा वेळा यायची. तीन वर्षांत ती जवळजवळ विसरली होती.

अल्गानेशनं तिला पाठीवर घेऊन घरी आणलं. वाटेत बोसेनाला दोनदा उलटी झाली, पोरीच्याच खांद्यावर.

पुढचा दीड दिवस बोसेनाला तुकड्या-तुकड्यानं कळत होता. पायाखाली गोणपाटाची गुंडाळी आहे. पोटरीवर गार फडकं आहे. पोर चमच्यानं जवाचं पाणी पाजतेय. मग शिबेशीचा आवाज आला आणि त्याच्यामागून दुसरा एक जाड आवाज. तो वैदू अबेजे होता.

"काळं रक्त साचलंय," अबेजे म्हणाला. "सात जागी टोचलं की ठणका उतरेल."

त्यानं झोळीतून वस्तरा काढला. अल्गानेश उठली आणि आईच्या पायांपाशी, दोघांच्या मध्ये बसली.

"वस्तरा लागणार नाही."

"सरक, पोरी," शिबेशी म्हणाला. त्याच्या अंगावर चराची माती तशीच होती. "ती बघ कशी बडबडतेय. मला काही सुचत नाही."

"आबा, नर्सबाई काय म्हणाली होती? कातडी फुटली की घाणीला आत शिरायला वाट होते. म्हणून तर रोज धुवायचं."

"कुठाय तुझी नर्सबाई?" अबेजे म्हणाला. "बोलव की तिला."

"नाही ती. म्हणून तर मला बोलावं लागतंय."

"त्या लोकांनी लग्न मोडलं ते शहाणपणाच केलं, शिबेशी. पोरगी नव्हे, गाढवीण आहे."

शिबेशी बायकोच्या पायाकडं बघत होता, मग वस्तऱ्याकडं, मग लेकीकडं. तेवढ्यात बोसेनानं डोळे उघडले. जीभ टाळ्याला चिकटली होती.

"अबेजे," ती म्हणाली. "वस्तरा आणलाच आहेस तर माझ्या नवऱ्याची दाढी कर. रानबोक्यासारखा दिसतोय."

अल्गानेश आधी हसली, मग रडायला लागली. अबेजेनं वस्तरा पुसून झोळीत टाकला. "मेली तर माझ्या दारात येऊ नका," असं म्हणून तो गेला. शिबेशी तिथंच दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. मग उठून त्यानं फडकं गार पाण्यात पिळलं आणि लेकीला म्हणाला, "सांग, कुठं ठेवायचं?"

त्याच दुपारी पाऊस आला. गारा नव्हत्या, वारा होता. तासभर पडला. थांबल्यावर शिबेशी शेताकडं जाऊन आला आणि दारात उभा राहिला.

"किती?" बोसेनानं विचारलं.

"आडवं झालंय. निम्मं तरी."

"उभं निम्मं?"

"उद्या ऊन पडलं तर उभं म्हणायचं."

*

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पण तो मिकाएलचा दिवस होता. त्या दिवशी जमिनीला विळा लावायचा नसतो. सगळा गाव देवळात गेला. अल्गानेशही गेली. सुजल्या पायांची माणसं कुंपणाच्या आत जात नसत. तशी मनाई कुणी केली नव्हती, पण ती बाहेरच फाटकापाशी दगडांवर बसायची. आत प्रार्थना चालू असताना अल्गानेश फाटकापाशीच थांबली. ती त्यांच्याशी काय बोलली ते तिनं घरी येऊन सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोसेनाचा ताप उतरला होता, पण मान उचलवत नव्हती. बाहेर काठ्यांचे आवाज आले. एकाचा नव्हे, बऱ्याच. शिबेशीनं तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि दार सताड उघडलं.

नऊ जण आले होते. शनिवारच्या अकरापैकी नऊ. कुणी पायाला गोणपाट गुंडाळलं होतं, कुणी निलगिरीची साल दोरीनं बांधली होती, एकानं मोटारीच्या टायरचा तुकडा तळाला लावला होता. प्रत्येकाच्या हातात विळा होता. सगळ्यांत मागं तेवाबेच नावाची एमामा होती, सगळ्यांची आजी. सत्तरीची म्हातारी, रस्त्यापलीकडच्या वस्तीतली. तिचे दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत खांबासारखे होते. कपडे मागून लाल चिखलानं भरले होते.

"एमामा, हे काय?"

"काल परत खणलाय मेल्यांनी. चरात बसून घसरले," तेवाबेच म्हणाली. "चढताना दोघांनी ओढलं. उतरायला मजा आली, खोटं कशाला बोलू."

"ह्या पायांनी कशाला आलात तुम्ही?"

"दर शनिवारी तुझ्या परातीत पाय बुडवायचे, तेव्हा कधी विचारलंस का, कशाला आलात म्हणून?"

बोसेनानं एकेकाचे पाय न्याहाळले. ती म्हणाली, "निदान पाय नीट गुंडाळा. खुंट टोचतात. ओलं झालं की लगेच काढून पुसा. ऐकताय का सगळे?"

"आजारी आहे, पण तोंड बरं आहे," टायरवाला म्हणाला, आणि सगळे शेताकडं गेले.

अंगणातून शेताचा वरचा तुकडा दिसे. शिबेशीनं उचलून आणलेली बोसेना पाय गुंडाळीवर ठेवून तिथं बसून राहिली. असली कापणी तिनं पाहिली नव्हती. सगळे बसून होते. नऊ आणि अल्गानेश असे दहा जण ढुंगणावर सरकत वर चढत होते, लहान मुलं उतारावर खेळतात तसे. आडवं पडलेलं तेफ उचलून झटकायचं, मग मूठ कापायची, मग बाजूला ठेवायचं. फार हळू चाललं होतं. उभ्यानं कापणाऱ्याला ह्या कामासाठी कंबर मोडून घ्यावी लागली असती. ह्यांना ते जमिनीशीच होतं.

ऊन वर आल्यावर गाशे मेंकिर आले. एकटेच. बांधावर उभे राहून त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग गाबी काढून झुडपावर टाकली आणि खालच्या कडेला एक ओळ धरली. ओळ संपवून त्यांनी गाबी उचलली. शिबेशी इंजेराची धिरडी आणि शिरोचं पिठलं परातीत घेऊन चालला होता.

"जेवून जा, गाशे."

"घरी वाट बघतील," ते म्हणाले, आणि गेले.

*

दोन दिवस काम चाललं. गंजी वाळली, खळ्यावर बैल फिरले, उफणून झालं. अडीच पोती तेफ निघालं. गेल्या वर्षी सात होती. अडीच पोत्यांत एप्रिलपर्यंत जाईल, नंतरचं नंतर, असं शिबेशी म्हणाला. बोसेनानं मान हलवली. दोघंही दमले होते. नंतरचं बोलायला अंगात जोर लागतो.

त्याच संध्याकाळी निरोप आला, की एमामा तेवाबेच तापानं पडलीय. कापणीहून गेली तेव्हापासूनच.

सकाळी बोसेनानं पायांना धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या, वरून शिबेशीच्या प्लॅस्टिकच्या चपला दोरीनं बांधल्या, आणि काठी घेतली. मीठ घेतलं, उरलेली साबणाची चकती फडक्यासकट घेतली. रस्त्यावर चर खणलेलाच होता. शिबेशी आधी खाली उतरला, त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि पलीकडच्या कडेला बसवलं. तो स्वतः घाम पुसत चरातच उभा राहिला.

"जरा उथळ खणता येत नाही का तुम्हाला?" ती म्हणाली.

"पोरं काठी घेऊन मापतात, बाई."

तेवाबेचच्या घरात धूर कोंडला होता. म्हातारीची सून मास्तेवाल चुलीपाशी होती. तिनं गाबीचा पदर नाकाला लावला होता. घोंगडीखालून एमामाचे पाय बाहेर होते. बोसेनानं वाकून पाहिलं. उजव्या पोटरीवर सहा चिरा होत्या. त्यांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"अबेजे येऊन गेला," मास्तेवाल म्हणाली. "ती दिवसभर कण्हत होती. मी काय करायचं होतं? मला कुणी काही शिकवलंय का?"

"मी कुठं काय म्हणाले?" बोसेना म्हणाली. "पाणी उकळ. मोठं भांडं."

ती रोज येत राहिली. रोज तो चर, रोज तो खांदा. एक दिवस चर बुजवलेला होता, त्या दिवशी ती सरळ चालत आली आणि तेवढ्यानंही तिला सण असल्यासारखं वाटलं. पाणी उकळून गार करायचं, मीठ टाकायचं, चिरांच्या कडेनं हलक्या हातानं धुवायचं, टिपायचं, पाय उंचावर ठेवायचा. म्हातारी कधी तिला ओळखायची, कधी आपल्या मेलेल्या बहिणीचं नाव घेऊन बोलायची. चौथ्या दिवशी दोन चिरा सुकल्या. बाकीच्या चार तशाच होत्या. सूज मांडीकडं सरकली होती. हे बरं होतंय का वाईट, ते बोसेनाला कळत नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं ती करत होती, आणि ते संपलं की परत पहिल्यापासून.

मास्तेवाल पाणी आणून ठेवायची आणि दारात जाऊन उभी राहायची. पदर नाकावरच असायचा. कापणीनंतर पोती घरात चढवायला तिचा नवरा आला होता, त्यामुळं किती पोती निघाली ते मास्तेवालला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी सकाळी एमामा तेवाबेचचे डोळे स्वच्छ होते. कपाळ ओलं होतं. तिनं बोसेनाचा हात चाचपला.

"तूच का?"

"मीच, एमामा."

"किती निघालं गं तेफ?"

बोसेना तिच्या बोटांच्या बेचक्या पुसत होती. हात थांबला नाही.

"सात पोती."

"सात?" म्हातारीनं मान वळवायचा प्रयत्न केला. "पावसानं आडवं पडलं होतं ते?"

"पडलेलंच तुम्ही वेचलंत ना सगळं. दाणा वाया गेला नाही."

म्हातारीचे डोळे बारीक झाले. तिनं दाराकडं पाहिलं. "मास्तेवाल, ही मला बनवतेय का गं? माझा लेक गेला होता ना पोती उचलायला? सात होती?"

बोसेनानं वर पाहिलं नाही. फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं. दारातून पावलं आत आली. मास्तेवाल परातीशी उकिडवी बसली. तिनं नाकावरचा पदर काढून खांद्यावर टाकला आणि सासूचा दुसरा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"सात काय," ती म्हणाली, "साडेसात म्हणत होते. खांदा दुखतोय म्हणून अजून ओरडतात."

"बघ," एमामा तेवाबेच म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले. "बघ, फुकट नाही गेलं."

मास्तेवालनं बोसेनासमोर हात पुढं केला. बोसेनानं फडकं तिच्या हातात दिलं.

"घासायचं नाही," ती हळूच म्हणाली. "नुसतं टिपायचं."